मागून घूं घूं येतंय? सहा माइकचं किट सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्हवर वापरून बघितलं

सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्ह घेतली की मागून काही ना काही आवाज येतोच, आणि गाडीत जितकी डोकी बसतील तितकी निदानं मिळतात. एक म्हणतो हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते) गेलं, दुसरा म्हणतो डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) वाजतोय, तिसरा म्हणतो टायर आहेत रे, काही नाही होत, चालव बिनधास्त. मेकॅनिकनी एक चक्कर मारली आणि डायरेक्ट सांगितलं की डिफ उतरवून उघडावा लागेल. आता डिफ उघडणं म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, एकदा क्राऊन-पिनियनची, म्हणजे डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची, सेटिंग हलली की ती परत मिलिमीटरच्या दशांशात बसवणारा माणूस शोधावा लागतो, बहुतेक डिफमध्ये दातांमधला बॅकलॅश (मोकळी जागा) ०.१० ते ०.२० मिमीच्या आसपासच असतो, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही. म्हणून उघडण्याआधी खात्री हवी होती आणि त्यासाठी हे किट घेतलं.

किट म्हणजे सहा क्लिपा, प्रत्येक क्लिपेत एक छोटा माइक, तिला लांब वायर, सगळ्या वायरी एका डब्याला येतात, डब्यावर १ ते ६ आकड्यांचा नॉब आणि आवाज कमीजास्त करायचं बटण, आणि हेडफोन. क्लिपा गाडीखाली ज्या पार्टवर संशय आहे तिथे लावायच्या, वायरी डिकीतून आत घ्यायच्या, गाडी चालवायची आणि एकानं आत बसून नॉब फिरवत ऐकायचं की कुठल्या जागी आवाज सगळ्यात मोठा येतोय. नाव लिहीत नाही, कारण असेच दिसणारे संच वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि डबा बघून फरक कळत नाही. वायरलेसपण येतात, मी वायरवालं घेतलं, कारण गाडीखाली पत्रा आणि लोखंड इतकं असतं की सिग्नल तुटायची कटकट नको होती.

मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील: किट कामाचं आहे, पण ते फक्त जागा सांगतं, रोग आपल्यालाच ओळखावा लागतो. आणि किट लावायच्या आधी ज्या फुकटच्या टेस्ट आहेत त्या केल्या नसतील तर हेडफोनमध्ये सहा वेगवेगळ्या घरघरी ऐकून डोकं फिरतं, बाकी काही होत नाही.

त्या फुकटच्या टेस्टवरच खरंतर जास्त लिहायला पाहिजे. पहिली म्हणजे पायाची. सपाट रस्त्यावर आवाज येतो त्या स्पीडला गाडी आणायची, मग तीन प्रकारे ऐकायचं: रेस देऊन ओढत असताना, पाय पूर्ण काढून गाडी स्वतःच्या वजनावर पळत असताना, आणि मधोमध, म्हणजे पाय इतकाच ठेवायचा की गाडी ना ओढतेय ना अडतेय. क्राऊन-पिनियनचा आवाज असेल तर तो या तिन्हीत बदलतो, कारण ओढताना दाताची एक बाजू घासते आणि पाय काढल्यावर दुसरी. फक्त ओढताना शिट्टीसारखं रडणं येत असेल तर दातांच्या त्या बाजूवर संशय. पाय काढल्या काढल्या घरघर वाढत असेल तर बहुतेक वेळा पिनियनच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आलेला असतो. तिन्हीत काहीच फरक पडत नसेल तर दातांचा नाद सोडून फिरणाऱ्या बाकीच्या गोष्टींकडे वळायचं.

दुसरी टेस्ट वळवायची. रुंद रिकाम्या रस्त्यावर मध्यम स्पीडला गाडी हलकीशी डावीकडे-उजवीकडे झुलवायची. डावीकडे वळलो की वजन उजव्या चाकांवर जातं, त्यामुळे डावीकडे वळताना आवाज चढला तर उजव्या हबवर संशय आणि उलटं असेल तर डाव्या. प्रत्येक वेळी इतकं सरळ निघतं असं नाही, पण झुलवल्यावर काहीच फरक पडला नाही तर हब बेअरिंग यादीत खाली ढकलायला हरकत नाही.

तिसरी टायरची, आणि ही लोक टाळतात कारण त्यात हात काळे होतात. टायरच्या ब्लॉकवरून हात एका दिशेनं फिरवायचा, मग उलट्या दिशेनं. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टायर दातेरी झालेत आणि ते अगदी बेअरिंगसारखेच गुणगुणतात. खडबडीत रस्ता सोडून नवीन गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाज एकदम बदलला तर टायरच. पुढचे टायर मागे, मागचे पुढे टाकून बघायचं, आवाज पुढे गेला तर मेकॅनिकला फोन करायची गरजच नाही. फोर व्हील ड्राइव्हमध्ये टायर बघायचं अजून एक कारण आहे, चारही टायरचा घेर जवळपास सारखाच लागतो, सुबारू तर सर्वात मोठ्या आणि सर्वात छोट्या टायरच्या घेरात साधारण ६ मिमीच्या पलीकडे फरक नको म्हणते. सेकंडहँड गाडीत दोन नवे दोन जुने टायर टाकून विकलेली असते आणि मग मागचं कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) किंवा मधला डिफ (पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा) सरळ रस्त्यावरपण सतत काम करत राहतो, गरम होतो, आणि पुढची सगळी कहाणी तिथून सुरू होते.

माझ्या गाडीत या तिन्ही टेस्टचा निकाल असा होता की आवाज ६० ला सुरू, ८०-९० च्या मध्ये सगळ्यात जास्त, पाय दिला-काढला तरी तोच, झुलवलं तरी तोच, टायर अदलाबदल करूनही तोच. मागच्या सीटवर बसलेल्यांना तो बरोबर बुडाखालून येतोय असं वाटायचं. म्हणजे डिफचे दात नाहीत, हब असण्याची शक्यता कमी, टायर नाहीत. मग उरलं काय तर डिफच्या आतली साइड बेअरिंगं, प्रॉपेलर शाफ्टचे (ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यामुळे मधलं सेंटर बेअरिंग. मेकॅनिकच्या यादीत सेंटर बेअरिंग नव्हतंच, त्याचं सरळ गणित होतं, आवाज मागून म्हणजे डिफ.

आता किट लावायची गोष्ट. डब्यासोबत जो कागद येतो त्यात क्लिप 'संशयित भागावर' लावा एवढंच लिहिलंय, बाकी तुमचं तुम्ही. तर क्लिप पातळ पत्र्यावर कधीच लावायची नाही, ब्रेकच्या मागचा जो पातळ पत्रा असतो तिथे लावली की तो पत्रा स्वतःच थरथरतो आणि हेडफोनमध्ये वाटतं की चाक निखळायला आलंय. हबला लावायची तर जाड नकलवर (हब धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागावर), डिफला लावायची तर कास्टिंगच्या जाड रिबवर, एक पिनियनच्या तोंडाशी आणि एक साइड बेअरिंगच्या बाजूला. सेंटर बेअरिंगचा जो ब्रॅकेट असतो त्याच्या कडेला क्लिप छान पकडते. दोन्ही बाजूंना क्लिप अगदी सारख्याच जागी हवी, डावीकडे नकलवर आणि उजवीकडे आर्मवर असं केलं तर तुलनाच संपली. वायरी टायनं बांधायच्या, फिरत्या शाफ्टपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, आणि बांधताना सस्पेन्शन खालीवर होतं हे लक्षात ठेवून थोडी ढील सोडायची. हे काम गाडी व्यवस्थित स्टँडवर असतानाच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे लिहायला लागू नये पण लिहितो.

स्टँडवरून आठवलं, काही जण म्हणतात एवढं कशाला, मागची चाकं उचल, गिअर टाक आणि स्टेथोस्कोप लावून ऐक. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये (चारही चाकांना आपोआप ताकद जाते अशा गाडीत) हे अजिबात करायचं नाही, मागची उचलली आणि पुढची जमिनीवर असली तर गाडी स्टँडवरून उडी मारून पुढे जाईल. चारही चाकं लिफ्टवर हवेत घेऊन करता येतं पण तेव्हा चाकं लटकतात, सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे) वाकड्या कोनात फिरतात आणि नसलेले आवाज ऐकू येतात, शिवाय भार नसल्यामुळे जो आवाज शोधतोय तो गायब. म्हणूनच रस्त्यावर चालवताना ऐकता येणं ही या किटची खरी जमेची बाजू आहे.

लावायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, सहाच्या सहा क्लिपा एकाच ब्रॅकेटवर शेजारी शेजारी लावून इंजिन चालू करून नॉब फिरवून बघा. माझ्याकडच्यातली एक क्लिप बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मंद ऐकू येत होती, माइकच कमी ताकदीचा असणार. हे आधी कळलं नसतं तर ती ज्या पार्टवर लागली असती तो पार्ट निर्दोष सुटला असता. आता तिच्यावर पांढरी टेप लावून ठेवलीये आणि तिला फालतू जागा देतो. एवढ्या मोजक्या वस्तूंच्या संचात एक माइक कमजोर निघणं हे काही बरोबर नाही, याचे मार्क कापलेच पाहिजेत.

मग मित्राला गाडी चालवायला बसवलं, मी मागे हेडफोन घालून. चालवणाऱ्यानं हेडफोन घालायचा नाही, बाहेरचं काही ऐकू येत नाही. पहिला धक्का म्हणजे आवाज आधी सगळ्याच चॅनेलवर येतो, कारण लोखंडातून आवाज सगळीकडे पोचतो, डिफपासून हबपर्यंत आणि हबपासून डिफपर्यंत. खडे उडून आपटले की कानात फटाका फुटतो, वारा पण येतो, ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. म्हणून व्हॉल्यूम कमी ठेवून, एकाच स्पीडला, एकाच रस्त्याच्या पट्ट्यावर परत परत जाऊन नॉब फिरवायचा. व्हॉल्यूमला मध्येच हात लावला की तुलना परत पहिल्यापासून.

तर दोन्ही हब जवळपास सारखे, मंद आणि गोल आवाजाचे. डिफच्या साइडला घरघर होती, पिनियनच्या तोंडाशी त्याहून थोडी जास्त. इथेच थांबलो असतो तर मेकॅनिक बरोबर ठरला असता. पण सेंटर बेअरिंगच्या चॅनेलवर गेल्यावर तोच आवाज नुसता मोठा नव्हता, त्याचा पोत वेगळा होता, खरखरीत, कोरडा, वाळू दळल्यासारखा, आणि स्पीड ६० च्या खाली येताना तो बाकीच्या चॅनेलवर विरला तरी इथे येतच राहिला. मला वाटतं किट वापरताना हाच पॉइंट सगळ्यात महत्त्वाचा आहे, नुसता मोठा आवाज बघू नका, आवाज जिथे सगळ्यात आधी सुरू होतो आणि सगळ्यात शेवटी बंद होतो ती जागा बघा, आणि जिथे तो सगळ्यात 'उघडा' ऐकू येतो ती. लांबून आलेला आवाज बोथट होऊन येतो.

बुडाखालून का वाटायचं तेपण मग लक्षात आलं. डिफ रबरच्या मोठ्या बुशांवर टांगलेला असतो त्यामुळे त्याचा आवाज बॉडीत गाळून येतो, पण सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट सरळ फ्लोअरच्या पत्र्याला बोल्टनं मारलेला, मध्ये फक्त त्याचं स्वतःचं रबर, आणि ते जुनं होऊन कडक झालं की बेअरिंगची घरघर थेट फ्लोअरमध्ये जाते, सगळा फ्लोअरच स्पीकर होतो.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी, फोनमध्ये फ्रीक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप सोबत वापरलं तर अजून मजा येते. समजा टायरचा घेर २.२ मीटर आहे, तर ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं. मागच्या डिफचं गुणोत्तर ४.१ असेल तर शाफ्ट सेकंदाला ४१ च्या आसपास, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २,५०० फेरे. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर ४१ हर्ट्झची थरथर, क्रॉसचा कोन बिघडला असेल तर त्याच्या दुप्पट, ८२-८३, कारण क्रॉसमुळे शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. आणि क्राऊनला ४१ दात, पिनियनला १० असतील तर दातांचं रडणं ४१० च्या आसपास निघतं. आपल्या गाडीचे आकडे टाकून हे एकदा काढून ठेवलं की अ‍ॅपवर टोक कुठे येतंय त्यावरून निम्मी यादी बाद होते. माझ्याकडे असं एक टोक आलंच नाही, नुसता पसरट ढीग आला, जो दातांपेक्षा खराब बेअरिंगला जास्त शोभतो.

किटच्या भरवशावर पार्ट बदलायचा नव्हता, हातानं खात्री करून घेतली. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही जॉइंटवर रंगानं खुणा करायच्या म्हणजे परत त्याच पोझिशनला बसतो, नाहीतर नवीन थरथर विकत घेऊन याल. शाफ्ट खाली घेतला, सेंटर बेअरिंग बोटांनी सावकाश फिरवलं तर दाणे लागत होते, दोन जागी तर किंचित अडून पुढे सरकत होतं, आणि रबराला आतून गोल चीर. हबसाठीपण अशीच हाताची टेस्ट आहे आणि ती फार कमी जण करतात: चाक उचलायचं, हँडब्रेक सोडायचा, एका हाताची दोन बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायची आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. माझे दोन्ही हब लोण्यासारखे निघाले. आणि पिनियनचा फ्लॅंज (शाफ्ट जिथे बोल्टनं जोडतात ती चकती) धरून वरखाली हलवून बघितला, प्ले शून्य. गोल फिरवताना किंचित टक् होतं, तेवढं चालतं, वरखाली हललं तर नाही चालत.

सेंटर बेअरिंग बदललं आणि ती घूं घूं गेली, पार गेली. डिफ उघडला नाही.

आता किट कुठे कामाला येत नाही तेपण ऐका, कारण मागून येणारे सगळेच आवाज घरघर नसतात. गिअर पुढून मागे टाकताना येणारा टणका हा एकदाच होणारा आवाज आहे, नॉब फिरवेपर्यंत संपतो, त्यासाठी गाडीखाली झोपून शाफ्ट हातानं मागेपुढे फिरवून ढिलेपणा कुठे आहे ते डोळ्यांनी बघणं सोपं. क्रॉस कोरडा पडला असेल तर हळू स्पीडला चिमणीसारखं चीं चीं येतं, स्पीडबरोबर जलद होतं, आणि क्रॉसच्या कपाभोवती लालसर गंजाची पूड दिसते, ती दिसली की माइक कशाला हवा. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना मागून हुंकार किंवा थरथर येत असेल तर आधी तेल बघा: लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) असेल आणि कोणीतरी साधं तेल भरलं असेल तर आतल्या क्लच प्लेटा चिकटून सुटतात, योग्य तेल आणि फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं मिश्रण) घातल्यावर, थोडं आठाच्या आकड्यात फिरवल्यावर बऱ्याचदा शांत होतात. ज्या गाड्यांना मधला डिफ नसतो आणि फोर व्हील हातानं टाकायचा असतो त्यांच्यात कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते, तो बिघाड नाहीच, टू व्हीलमध्ये टाका.

तेल तर किट घ्यायच्याही आधी बघायचं. आणि आधी भरायचा प्लग सैल करायचा, मगच खालचा काढायचा, खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी तिथेच बसते. खालच्या प्लगला बऱ्याचदा चुंबक असतं, त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर घाबरू नका, झिजेचा तो नेहमीचा हिशोब आहे, पण नखावर घेता येईल असे चकचकीत तुकडे निघाले तर मग खरंच डिफ उघडायची वेळ आलीये.

बाकी तक्रारी. हेडफोन अगदीच स्वस्तातला आहे, बाहेरचा आवाज आत येतो, मी माझा कान झाकणारा लावला आणि फरक लगेच कळला. क्लिपांचे दात चांगले कडक आहेत पण गोल पृष्ठभागावर घसरतात, डिफच्या तोंडाशी लावताना फार कसरत करावी लागली. वायरी लांबीला पुरतात, मात्र सहाही एकाच रंगाच्या, म्हणजे आकड्याचं स्टिकर तेलानं निघालं की कुठली कुठे हे शोधत बसायचं, त्यापेक्षा दोन्ही टोकांना स्वतःच रंगीत टेप लावून टाका. एका वेळी एकच चॅनेल ऐकू येतो, दोन एकदम तुलना करायची सोय नाही, हे खटकतं. डब्यात ९ व्होल्टचा सेल लागतो, तो उतरायला लागला की आवाज एकदम बंद न होता हळूहळू मंद होत जातो आणि आपल्याला वाटतं पार्ट चांगला आहे, त्यामुळे टेस्टला निघताना नवीन सेल टाकलेला बरा.

कोणी घ्यावं? ज्याची स्वतःची एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह आहे, गाडीखाली जायची तयारी आहे आणि सोबत चालवायला माणूस आहे त्यानं जरूर घ्यावं. नुसतं सेकंडहँड गाडी विकत घेण्याआधी तपासायला घेणार असाल तर नको, कुठलाच मालक त्याच्या गाडीखाली सहा वायरी बांधू देणार नाही, तिथे पायाची आणि झुलवायची टेस्टच चालते. भाड्यानं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून तात्पुरतं मिळालं तर उत्तमच.

मला अजून एका गोष्टीसाठी उपयोग होतोय. घूं घूं गेल्यावर तिच्याखाली दबलेला एक बारीक आवाज वर आलाय, पाय काढल्यावर ७० च्या आसपास डिफमधून हलकीशी शिट्टी, पिनियनच्या तोंडाशी लावलेल्या क्लिपवर स्पष्ट येते, हबवर नाही. चुंबकावर फक्त लेप आहे, प्ले नाही, तेल ताजं जीएल-५ (डिफसाठीचं गिअर ऑइल) भरलंय. हेडफोनच्या सॉकेटमधून रेकॉर्डर लावून तो आवाज साठवून ठेवलाय, फाइलला किलोमीटरचा आकडा नाव म्हणून दिलाय, पुढच्या तेल बदलाला त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, क्लिप त्याच रिबवर लावून परत घेणार आणि दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघणार. वाढला असेल तर पिनियनच्या बेअरिंगची तयारी, तसाच असेल तर चालू द्या.